पाणी निळंच राहिलं

१

रंगाच्या कारखान्याचे चार मोठे लोक खुर्च्यांवर बसले होते आणि त्यांच्यासमोर काचेच्या उंच भांड्यातलं पाणी निळं होतं. तासाभरात ते साफ व्हायला हवं होतं. तास झाला, चहा झाला, दुसरा चहाही झाला, पाणी निळंच. शेवटी एका पाहुण्याने जांभई दिली, दुसऱ्याने गाडीची किल्ली काढली, आणि आमच्या सरांचा चेहरा पाण्याहून निळा पडला.

हे मी ऐकलेलं. मी तेव्हा माझ्या खोलीत दार लावून गुडघ्याला मलम चोळत होते. या संस्थेत काही हरवलं, फुटलं, कुणी कुणाच्या अंगावर ओरडलं, की चौकशी माझ्याकडे येते. मी फार हुशार आहे म्हणून नव्हे, मला नाही म्हणता येत नाही म्हणून. मुलं मला मागे 'चौकशीबाई' म्हणतात. आता तर पुढेही म्हणतात. निवृत्तीला थोडेच महिने राहिले होते, वाटलं होतं सुटले. पण संचालकांचा फोन आलाच. "बाई, तुम्ही बघा जरा." या 'जरा'ने माझं अर्धं आयुष्य खाल्लंय.

सरांनी मला सगळं पहिल्यापासून समजावून सांगितलं, जणू मी रसायनशास्त्र शिकवायच्या ऐवजी छत्र्याच विकत होते. ग्राफीन ऑक्साइड म्हणजे पेन्सिलीच्या शिशातल्या कार्बनपासून काढलेले अतिशय पातळ पापुद्रे. त्यांवर टायटॅनियम ऑक्साइडचे बारीक कण बसवायचे, तेच जे पांढऱ्या रंगाच्या डब्यात असतं. ही करडी पूड निळ्या पाण्यात टाकायची आणि पाण्याच्या मधोमध अतिनील दिवा लावायचा. तो उजेड पडला की कण रंगाचे तुकडे करतात, पापुद्रे त्यांना हात देतात, आणि कारखान्याचं पाणी नदीत सोडायच्या लायकीचं होतं. पूड बनवली होती सरांच्या विद्यार्थिनीने. तिची बोटं कायम रंगलेली, म्हणून सगळे तिला 'निळी' म्हणत.

"पूड कुणी बदलली असेल," मी म्हटलं.

"तपासली. सगळ्या यंत्रांतून काढली. तीच पूड, जशीच्या तशी."

"दिवा?"

"यंत्रवाल्याने बाहेर काढून मीटर लावून पाहिला. ठणठणीत आहे. रंगही ताजा आणला. आदल्या आठवड्यातही तिचं पाणी साफ होत नव्हतं, तसं ती म्हणाली होती. मला वाटलं, पाहुणे येणार म्हणून घाबरलीय." सर खुर्चीत मागे रेलले. "आणि बाई, त्याच आठवड्यात, प्रयोगाच्या त्याच पेटीत, त्याच दिव्यावर आपल्या प्रयोगशाळेतल्या दादाचे प्रयोग चालले होते. सकाळी ती, दुपारी तो. त्याची पूड झिंक ऑक्साइडची. त्याचं पाणी मस्त साफ होत होतं. मग दोष कशात उरला? पूड तीच, दिवा तोच, आणि पाणी निळं. म्हणजे हिचे आधीचे आकडेच खोटे. पोरीने मला बनवलं."

हिशेब चोख होता. मला चोख हिशेबांचा कंटाळा आहे, पण खोडून काढायला काही सापडेना. निळीचं नाव संस्थेतून काढायचं ठरलंच होतं, फक्त माझी सही बाकी होती. परवा तिचे वडील तिला न्यायला येणार होते.

सरांनी कागद पुढे सरकवला. माझ्या चौकशीचा निष्कर्ष त्यांनी आधीच टाइप करून आणला होता.

२

मी सही केली नाही. नैतिकता वगैरे काही नाही. माझं काम दुसऱ्याने करून ठेवलं की माझ्या नाकाला मिरच्या झोंबतात, एवढंच.

आधी दादाला गाठलं. तो काही कुणाचा सख्खा भाऊ नाही. पदवी कधीच झालेली, आता वर्षावर्षाच्या करारावर काम करणारा, आणि प्रयोगशाळेतल्या यच्चयावत पोरांचा दादा. कुणाचं यंत्र अडलं, कुणाला ताप आला, की दादा हजर. मागे माझा गुडघा सुजला तेव्हा औषधंही त्यानेच आणून दिली होती. बायको गरोदर, करार संपत आलेला, आणि कायमच्या जागेसाठी मुलाखत तोंडावर. मी आत शिरले तर तो हौदापाशी लांब ब्रशने काचेच्या नळ्या घासत होता.

"हे काम तुझं?"

"पोरांच्या हातात दिलं की फुटतंच, बाई. म्हणून पेटीतली सगळी काच मीच धुतो." त्याने हात पुसले आणि मला खुर्ची ओढून दिली. "निळीसाठी आलात ना? सांभाळून घ्या तिला. पोर चांगली आहे. होतं कधी कधी. मुद्दाम कोण करतं?"

"म्हणजे आकडे तिने बनवले, असं तुलाही वाटतं?"

"मी कुठे तसं म्हटलं?" तो कसंनुसं हसला. "पण माझं पाणी साफ झालं, तिचं नाही. मी तरी काय बोलणार?"

बिचारा दमलेला दिसत होता. डोळ्यांखाली काळं, दाढी वाढलेली. मला त्याची दया आली आणि मी उठले. दाराशी पोचले तेवढ्यात त्याने मागून विचारलं,

"बाई, ती माझ्याबद्दल काही बोलली का?"

३

वसतिगृहाला लिफ्ट नाही. निळीची खोली सगळ्यात वर. माझा गुडघा प्रत्येक पायरीवर मला शिव्या घालत होता.

पोरगी ट्रंकेत कपडे भरत होती. रडून रडून डोळे सुजलेले, पण घड्या मात्र इस्त्रीसारख्या. मी धाप टाकत तिच्या पलंगावर बसले तर तिने काही न विचारता पाणी दिलं.

"आकडे बनवलेस का गं?" मी सरळच विचारलं. फिरवून विचारायला अंगात त्राण लागतं.

"नाही."

"मग पाणी का साफ झालं नाही?"

"मला माहीत असतं तर मी सांगितलं नसतं का हो?" तिचा आवाज चढला आणि लगेच बसला. "सगळं तसंच केलं. पूड तेवढीच, अंधारात ढवळणं तेवढंच, मग दिवा. आधी दर वेळी साफ व्हायचं. मग एकाएकी बंद. मी सरांना म्हटलं, पाहुण्यांना आत्ता बोलावू नका. ते म्हणाले, धीर धर."

"घरी काय म्हणतात?"

आता मात्र तिच्या हातातला सदरा थांबला. "बाबा घरं रंगवतात. आयुष्यभर शिडीवर उभं राहून मला शिकवलं त्यांनी. काल फोनवर मी सांगितलं की मी काही केलेलं नाही, तर म्हणाले, 'अगं, एवढी शिकलेली माणसं खोटं कशाला बोलतील?' ओरडले असते तरी चाललं असतं. शांतपणे म्हणाले." तिने नाक पुसलं. "पदवी गेली तर जाऊ दे, बाई. पण बाबांनाच खरं वाटत नाहीये."

मी नुसती तिच्या घड्या बघत बसले. वर तिचा प्रयोगशाळेतला पांढरा कोट होता.

"हा टाकून दे आता," मी उगाच विषय बदलला. "बाह्या कळकट झाल्यात."

"हो, जुनाच झालाय. पूर्वी नमुना काढायला पेटीत हात घातला की बाही कशी निळी-जांभळी चमकायची! आम्ही हसायचो, भूत आलं म्हणून. हल्ली चमकत नाही. साबण बदलला ना मी, त्यामुळे असेल."

मी मान हलवली आणि जिना उतरायला लागले. अर्ध्या जिन्यात माझे पाय थांबले, आणि या वेळी गुडघ्याचा काही दोष नव्हता.

४

घरी आमचे हे रहस्यकथा वाचून वाचून चष्म्याचा नंबर वाढवून बसलेत. जेवताना सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "सर! शंभर टक्के सर." हे नेहमी सगळ्यात आढ्यतेखोर माणसावर खापर फोडतात आणि नेहमी तोंडावर पडतात. "बरं," मी म्हटलं, "तुमचा एक नवाकोरा पांढरा रुमाल द्या."

"कशाला?"

"भूत बघायला."

सकाळी यंत्रवाल्याला घेऊन पेटी उघडली. पेटी म्हणजे पत्र्याचं कपाट. आत ते उंच भांडं, भांड्यात एका टोकाला बंद अशी लांब पारदर्शक नळी, आणि नळीत दिवा. दिव्याला पाणी लागू नये म्हणून ती नळी. आम्ही दोघांनी काळे चष्मे चढवले, हातमोजे घातले. मी रुमाल चिमट्यात धरला.

"आधी नळीसकट."

दिवा लागला. नळीचा वरचा भाग भांड्याबाहेर होता, त्याच्यासमोर रुमाल नेला. फिकट, मरगळलेला रुमाल. चमक म्हणाल तर जेमतेम.

"आता दिवा नळीतून बाहेर काढ, लांब उभा राहा."

यंत्रवाल्याने दिवा काढून स्टँडला लावला आणि बटण दाबलं. रुमाल असा पेटला की तो "अरे बापरे!" म्हणून मागेच सरकला. पांढऱ्या कपड्यांत चमक आणणारा जो पदार्थ असतो ना, तो अतिनील उजेडात निळा-जांभळा चमकतो. बाहेर काढलेला दिवा रुमाल पेटवतो, आणि नळीतला दिवा पेटवत नाही.

"पण दिवा तर मीच तपासला होता," यंत्रवाला रडकुंडीला आला.

"असाच, बाहेर काढून?"

"हो मग! मीटर नळीत मावत नाही."

मी दिवा बंद करायला सांगितला, नळी उचलून खिडकीपाशी नेली आणि तिच्या तोंडाचा काठ उजेडात आडवा धरला. काठ हिरवट दिसत होता.

मी तिथेच स्टुलावर बसले. या दिव्याचा उजेड साध्या काचेतून जातच नाही, अडतो. म्हणून नळी क्वार्ट्झची, म्हणजे गारेच्या स्फटिकाची लागते. समोरून दोन्ही सारख्याच दिसतात, पण क्वार्ट्झचा काठ पाण्यासारखा स्वच्छ असतो, हिरवा नसतो. आमच्या धंद्यात सगळ्यांचा जीव पुडीत अडकलेला. शोधनिबंध पुडीवर, भांडणं पुडीवर, बक्षिसंही पुडीवर. पाणी निळं राहिल्याबरोबर सगळे पुडीवर तुटून पडले. नळीकडे कोण बघतो? तिच्यातून आरपार दिसतं, म्हणून तीच कुणाला दिसली नाही.

पूड बदललीच नव्हती. नळी बदलली होती. आणि असली नळी बाजारात तयार मिळत नाही, कुणीतरी फुंकून करून द्यावी लागते.

५

काचवाले काका तळघरात बसतात. भट्टी, फुंकणी, आणि सगळ्या जगावरचा राग. नळी बघितल्याबरोबर त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि मान फिरवली.

"माझंच काम आहे," ते म्हणाले. "तात्पुरती म्हणून करून दिली. क्वार्ट्झ माझ्या ज्योतीला वितळत नाही, हे त्याला सांगितलं होतं. म्हणाला, खरी मागवलीय, पुरवठादार आज देतो उद्या देतो करतोय, तोवर जागा रिकामी दिसायला नको."

"'त्याला' म्हणजे कुणाला?"

"नाव विचारू नका, बाई. शब्द दिलाय. पोरगा या स्टुलावर बसून रडत होता."

"बरं, नाही विचारत. केव्हा ते तरी सांगाल?"

"पाहुणे यायच्या दोन आठवडे आधी."

म्हणजे निळीचं पाणी साफ होईनासं झालं त्याच्या अगदी तोंडावर. मी काकांच्या चहात वाटेकरी झाले आणि तिथेच मनात जुळवाजुळव केली. नळी साधी होती, तेव्हा त्या पेटीत कुणाचंच पाणी साफ होणं शक्य नव्हतं. निळीचं झालं नाही, तिने खरं ते सांगितलं आणि चोर ठरली. दुसऱ्या एकाचं मात्र त्याच दिवसांत मस्त साफ झालं. कसं झालं? झालंच नाही. नळी खोटी आहे हे त्याला माहीत होतं, म्हणून त्याने दिवा लावायची तसदीही घेतली नसणार. आकडे घरी बसून लिहिले. आणि पेटीतली काच धुणारा माणूस प्रयोगशाळेत एकच.

मला आनंद वगैरे काही झाला नाही. उलट तोंड कडू झालं. औषधं आणून देणारा पोरगा तो.

"काका, नाव राहू द्या, मला कळलं. फुटलेल्या नळीचं काय केलंत?"

"क्वार्ट्झ कुणी फेकून देतं का?" ते गुरगुरले. फळीवरच्या खोक्यातून त्यांनी कापडात गुंडाळलेलं काहीतरी काढलं. नळी गळ्यापाशी तुटली होती, पण खालचा बंद भाग धडधाकट होता.

"ही तुटकी कड घासून देता येईल?"

"कधीपर्यंत हवीय?"

"उद्या सकाळी. एका बापाला दाखवायचीय."

६

दादाला मी माझ्या खोलीत बोलावलं. टेबलावर साधी नळी ठेवली होती, हिरवा काठ त्याच्याकडे करून. तो उभाच राहिला.

"तुझी झिंकची पूड घेऊन ये," मी म्हटलं. "ही नळी लावू, दिवा लावू आणि दोघं मिळून पाणी साफ होताना बघू."

तो खाली बसला आणि त्याने दोन्ही हातांनी चेहरा झाकला.

"धुताना निसटली," तो म्हणाला. "मुलाखतीला महिनाच राहिला होता. सरांना कळलं असतं तर त्यांनी शिफारस दिली नसती, त्यांचा स्वभाव तुम्हाला माहीत आहे. वाटलं, नवीन येईपर्यंत ढकलू. पण मुलाखतीला ताजे आकडे हवे होते, म्हणून... दहाच दिवसांचा प्रश्न होता, बाई. नवीन नळी आलीच नाही. आणि पाहुणे मात्र आले."

"आणि मग पोरीवर आळ आला."

"मी रोज ठरवत होतो, आज सांगतो म्हणून."

"सांभाळून घ्या म्हणालास मला! तिला सांभाळायला मी कोण? तू एक वाक्य बोलला असतास तर ती आज ट्रंक भरत नसती." माझा आवाज इतका चढेल असं मलाच वाटलं नव्हतं. "फुटलेल्या नळीचं कुणी काही केलं नसतं रे. ओरडले असते दोन दिवस. अरे, तिचा बाप तिला खोटारडी समजतोय, आणि ते तुला बघवलं?"

तो रडायला लागला. मला राग आला होता आणि त्याची कीवही येत होती, आणि दोन्ही एकदम पेलायचं माझं वय राहिलेलं नाही. "घरी जा," मी म्हटलं. "बायकोला आधी तू स्वतः सांग. बाहेरून कळायला नको. मग सरांना सांग. उद्या दुपारपर्यंत तू नाही सांगितलंस तर मी सांगेन."

दाराशी तो वळला. त्याला माफी मागायची होती बहुतेक.

"माझी नको मागूस," मी म्हटलं.

७

सकाळी वसतिगृहासमोर टेम्पो उभा होता. ट्रंक, वळकटी, पुस्तकांची खोकी, सगळं निळीनेच वरून खाली आणलेलं, आता चढवूनही झालेलं. निळीचे वडील हडकुळे, नखांत पांढरा रंग अडकलेला. मला बघून त्यांनी हात जोडले आणि मान खाली घातली. "पोरीच्या वतीने माफ करा, बाई," असं म्हणाले. निळी शेजारीच उभी होती. तिने ते ऐकलं आणि टेम्पोच्या चाकाकडे बघत राहिली.

"माफीचं नंतर बघू. आधी समोर प्रयोगशाळेत चला, चहा घेऊ," मी म्हटलं.

प्रयोगशाळेत सर होते, यंत्रवाला होता, आणि कधी नव्हे ते काचवाले काका तळघरातून वर आले होते. दादा भिंतीला टेकून उभा. सरांना त्याने सकाळीच सांगितलं असावं, कारण सर मला बघताच म्हणाले, "बाई, मला आधीपासून शंका होतीच." मी त्यांच्याकडे असं बघितलं की ते चष्मा पुसायला लागले.

आखूड झालेली नळी उभी राहील असं छोटं भांडं घेतलं. पाणी, रंग आणि तीच करडी पूड. ट्रंकेतला तो कोट काढून, अंगात घालून सगळं निळीनेच करायचं असं मी बजावलं होतं. अंधारात ढवळून झालं, दिवा लागला, आणि ती पहिला नमुना काढायला पुढे वाकली. तिची बाही निळी-जांभळी पेटली.

"अगं बाई!" ती ओरडलीच. "साबण नव्हता तर!"

मी तिच्या वडिलांना सांगितलं की नळी फुटली होती, कुणीतरी ते लपवलं, आणि पोरगी पहिल्यापासून खरं बोलत होती. त्यांनी मान डोलावली, पण ती शिकलेल्या माणसासमोर डोलवायची मान होती. मग मी समजावणं सोडलं. निळी थोड्या थोड्या वेळाने नमुना काढून छोट्या बाटलीत ओतत होती आणि बाटल्या खिडकीत ओळीने ठेवत होती. पहिली निळी, दुसरी जरा फिकी, तिसरी त्याहून फिकी. वडील चहाचा कप हातात धरून बाटल्यांकडे बघत होते. चहा गार झाला, वर साय आली, त्यांनी एक घोट घेतला नाही. शेवटच्या बाटलीतून खिडकीचे गज स्वच्छ दिसले.

वडिलांनी कप खाली ठेवला आणि लेकीकडे न बघता तडक बाहेर निघून गेले. निळीचा चेहरा पडला. "त्यांना अजूनही खरं वाटत नाही," ती पुटपुटली.

"खिडकीतून बघ," मी म्हटलं. मला ते दिसत होते.

खाली ते टेम्पोवर चढले होते. ड्रायव्हर हातवारे करून भांडत होता, आणि ते एकेक खोकं उतरवून फुटपाथवर ठेवत होते. वळकटी उतरवली, ट्रंक खांद्यावर घेतली आणि वसतिगृहाच्या दाराशी जाऊन थांबले. मग वर आमच्या खिडकीकडे मान करून, अख्ख्या आवाराला ऐकू जाईल असे ओरडले,

"कितवा मजला म्हणालीस गं, बाळ?"